अणुबॉम्बच्या टेस्टमुळे शरीराचं, जमिनीचं, पाण्याचं नेमकं काय होतं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुचाचण्यांबद्दल लोक जे जे विचारतात ते इथं एका जागी टाकलंय. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांवर अमेरिकेने १ मार्च १९५४ ला केलेली 'कॅसल ब्राव्हो' टेस्ट उत्तरांत परत परत येईल, कारण टेस्टमुळे माणसाचं काय होतं हे तिथं जेवढं उघड्यावर आलं तेवढं इतर ठिकाणी फार उशिरा आलं. बॉम्बचा आकार, मेगाटन (दहा लाख टन टीएनटीइतका जोर; किलोटन म्हणजे हजार टन) वगैरे आकड्यांवर आपण भाळतो, पण त्रास कोणाला आणि किती होणार हे बरंचसं तीन साध्या गोष्टींवर ठरतं: आगीचा गोळा जमिनीला टेकला का, वारा कुठे वाहत होता, आणि लोकांनी नंतर काय खाल्लं-प्यायलं.

आजवर एकूण किती टेस्ट झाल्या?

दोन हजारांच्या वर. त्यात अमेरिकेच्या एकटीच्या हजाराच्या वर, सोव्हिएत युनियनच्या सातशेच्या वर, फ्रान्सच्या २१०, ब्रिटन आणि चीनच्या ४५ च्या आसपास, उत्तर कोरियाच्या ६, आणि आपल्या नि पाकिस्तानच्या मोजक्या. यातल्या पाचशेच्या वर जमिनीच्या वर, म्हणजे उघड्या हवेत झाल्या आणि आरोग्याचा खरा घोळ त्यांनीच केला. पहिली १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोत, हवेतली शेवटची चीनने १६ ऑक्टोबर १९८० ला केली.

स्फोट झाल्यावर काय काय होतं?

आधी उजेड आणि उष्णता, मग दाबाची लाट, त्याच वेळी गॅमा आणि न्यूट्रॉनचा मारा. हे सगळं काही सेकंदांत किंवा फार तर मिनिटभरात आटपतं आणि ठरावीक अंतराच्या पलीकडे त्याचा जोर उरत नाही. १ नोव्हेंबर १९५२ ला मार्शल बेटांतल्याच एनिवेटोकवर 'आयव्ही माइक' फोडला, १०.४ मेगाटन, तेव्हा एलुगेलॅब नावाचं अख्खं बेट गायब झालं, त्या जागी पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद खड्डा राहिला.

पण टेस्टच्या जागेवर सहसा कोणी राहत नसतं, त्यामुळे टेस्टने जी माणसं आजारी पडली ती बहुतेक या पहिल्या माऱ्याने नाही, तर फॉलआउटने. आगीचा गोळा जमिनीला टेकला की माती, वाळू, पोवळ्याचा खडक सगळं वितळून-वाफ होऊन वर ओढलं जातं, त्याच्यावर बॉम्बमधून निघालेली किरणोत्सारी द्रव्यं चिकटतात आणि मग ती पूड वाऱ्याबरोबर जाऊन शेकडो किलोमीटरवर खाली बसते.

म्हणजे जितका मोठा बॉम्ब तितकं जास्त रेडिएशन, बरोबर?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. रशियाचा 'त्सार बॉम्बा' ३० ऑक्टोबर १९६१ ला आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्या बेटांवर फुटला, ५० मेगाटन, आजवरचा सगळ्यात मोठा, पण तो साधारण ४ किलोमीटर उंचीवर फोडला आणि गोळा जमिनीला टेकलाच नाही, शिवाय त्याची रचनाही अशी होती की बहुतेक ऊर्जा फ्यूजनमधून, म्हणजे हलके अणू जोडले जाऊन आली (त्यातून किरणोत्सारी द्रव्यं कमी निघतात), म्हणून आकाराच्या मानाने आसपासचा फॉलआउट कमी. ब्राव्हो १५ मेगाटनचा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान, पण तो पोवळ्याच्या खडकावर जवळजवळ जमिनीलगत फोडला. नुकसान कोणी जास्त केलं हे पुढे वाचाच.

ब्राव्होमध्ये नेमकं चुकलं काय?

शास्त्रज्ञांचा अंदाज होता ५-६ मेगाटनचा. इंधन होतं लिथियम ड्युटेराइड, त्यातलं लिथियम-६ कामाचं आणि लिथियम-७ नुसतं भरताड असं धरलेलं. प्रत्यक्षात वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्यात लिथियम-७ पण फुटतं आणि त्यातून ट्रिटियम (जड हायड्रोजन, फ्यूजनला लागतो तो) मिळतं, म्हणजे ज्याला भरताड समजले ते इंधनच निघालं. स्फोट अंदाजाच्या अडीचपट, हिरोशिमाच्या साधारण हजारपट झाला. जिथं ब्राव्हो फोडला त्या बिकिनी प्रवाळद्वीपाच्या कडेला दोन किलोमीटर रुंद आणि ७५ मीटर खोल खड्डा पडला, तो आजही उपग्रहाच्या फोटोत दिसतो.

राँगेलापच्या लोकांना काय झालं?

राँगेलाप हे बिकिनीच्या पूर्वेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरचं प्रवाळद्वीप. पहाटे पावणेसातला लोक उठून आपापल्या कामाला लागले होते तेव्हा पश्चिमेला उजेड झाला, सूर्य चुकीच्या बाजूने उगवला असं तिथल्या माणसांनी नंतर सांगितलं. मग आवाज, मग वारा. काही तासांनी आकाशातून पांढरी पूड पडायला लागली. ती होती भाजलेल्या पोवळ्याची, म्हणजे थोडक्यात चुनाच, किरणोत्सारी द्रव्यांनी माखलेला. कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे पोरं त्यात खेळली, पूड पाण्याच्या टाक्यांत पडली आणि तेच पाणी लोक प्यायले, वाळत घातलेल्या मासळीवर पडली तीही खाल्ली. आणि एक बारीकशी गोष्ट जी डॉक्टरांच्या नोंदींत आहे: हे लोक डोक्याला खोबरेल तेल लावायचे, आपल्यासारखंच, त्यामुळे पूड केसांत घट्ट चिकटून बसली, आणि पायात चपला नसल्याने पावलांवर.

संध्याकाळपर्यंत अंगाची आग, खाज, मळमळ, उलट्या, जुलाब सुरू. अमेरिकन नौदलाचं जहाज आलं ते जवळपास ५० तासांनी. राँगेलापवर ६४ जण होते आणि शेजारच्या ऐलिंगिनेवर गेलेले त्यांचेच १८. क्वाजलेनच्या तळावर नेऊन आंघोळी घातल्या, पण दोन-तीन आठवड्यांत मानेवर, डोक्यावर, पावलांवर बीटा किरणांचे चट्टे उठले, काहींच्या जखमा खोल गेल्या, केसांचे पुंजके हातात यायला लागले. आपल्याकडे डेंगूच्या वेळी घरोघरी ज्या प्लेटलेट्स मोजतात त्या इथं चौथ्या आठवड्यात नॉर्मलच्या तिसऱ्या हिश्श्यावर आल्या होत्या. डोस धरला गेला साधारण १.९ ग्रे (शरीरात शिरलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप). उपचार नसतील तर साडेतीन-चार ग्रेला निम्मी माणसं दगावतात, त्यामुळे त्या दिवसांत कोणी मेलं नाही हे खरं, पण ते फार लांबून वाचले असं नाही.

आता तुलना बघा. जवळच्याच राँगेरिकवर अमेरिकन हवामान केंद्राची २८ माणसं होती. त्यांना धोका कळत होता, म्हणून ती ॲल्युमिनियमच्या शेडमध्ये बसली, आंघोळ केली, जादा कपडे घातले, आणि त्यांना राँगेलापवाल्यांच्या आधी हलवलं. नुसतं माहिती असणं आणि नसणं यातला फरक एवढा मोठा.

त्यांना मुद्दाम तिथं ठेवलं का? प्रयोगासाठी?

मुद्दाम केलं असं दाखवणारा ठोस कागद नाही, असं बहुतेक इतिहासकार मानतात. पण बेफिकिरीला मात्र पुरावे आहेत आणि ते वाचून डोकं फिरतं. १९४६ मध्ये बिकिनीवर वीस-बावीस किलोटनच्या बॉम्बसाठी राँगेलापच्या लोकांना खबरदारी म्हणून दुसरीकडे हलवलं होतं, १९५४ मध्ये शेकडोपट मोठ्या बॉम्बसाठी हलवलं नाही. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बिघडतोय हे अधिकाऱ्यांना माहीत होतं, तरी टेस्ट पुढे ढकलली नाही.

नंतर काय झालं तर याच लोकांवर 'प्रोजेक्ट ४.१' नावाने वैद्यकीय अभ्यास सुरू झाला. १९५७ मध्ये बेट सुरक्षित म्हणून त्यांना परत नेलं, आणि पुढच्याच वर्षी ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिलं गेलं की हे लोक तिथं राहिल्याने माणसातल्या किरणोत्साराबद्दल फार मोलाची माहिती मिळेल. मुद्दाम की अनावधानाने हा वाद चालू ठेवा, पण हे वाक्य लिहिताना कोणाचा हात अडखळला नाही एवढं नक्की. शेवटी १९८५ मध्ये लोक स्वतःच बेट सोडून निघाले, सरकारने नाही, ग्रीनपीसच्या 'रेनबो वॉरियर' जहाजाने त्यांना मेजाटो बेटावर पोचवलं.

ब्राव्होत सापडलेल्या जपानी बोटीचं काय?

'दाइगो फुकुर्यू मारू', ट्यूना धरणारी बोट, २३ खलाशी, जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या बाहेर. त्यांच्यावरही तीच पांढरी पूड पडली. १४ मार्चला याइझू बंदरात आले तेव्हा चेहरे काळवंडलेले, मासळी बाजारात जाऊनही पोचली. मग जपानभर घबराट, शेकडो बोटींची मासळी तपासून फेकून द्यावी लागली. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ ला वारले, वय ४०. लिव्हर गेलं होतं, आणि ते थेट रेडिएशनमुळे की उपचारात दिलेल्या रक्तातून आलेल्या काविळीमुळे यावर दोन्ही देशांचे डॉक्टर भांडत राहिले. पण रक्त चढवायची वेळ कशामुळे आली हे विचारलं की वादातली हवा जाते. अमेरिकेने २० लाख डॉलर दिले, जबाबदारी मान्य न करता. बोट आज टोकियोत जपून ठेवलेली आहे.

टेस्टच्या आजारांत सगळीकडे थायरॉइडच का येतो?

कारण आयोडिन-१३१. याची हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा काळ) फक्त ८ दिवस, म्हणजे दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ संपतं, पण तेवढ्या दिवसांत ते गवतावर बसतं, गाय गवत खाते, दुधात उतरतं आणि दूध पितात पोरं. शरीराला साधं आयोडिन आणि किरणोत्सारी आयोडिन यातला फरक कळत नाही, दोन्ही थायरॉइडमध्ये जाऊन साठतं. पोराची ग्रंथी लहान, दूध मोठ्यांपेक्षा जास्त, म्हणून डोस कितीतरी पट. बकरीच्या दुधात तर ते गाईच्या दुधापेक्षा जास्त उतरतं.

राँगेलापवर गाई नव्हत्या, तिथं पाणी आणि अन्नातूनच गेलं. पहिली गाठ सापडली १९६३ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, तोवर सगळं ठीक आहे असं चाललं होतं. स्फोटावेळी दहा वर्षांच्या आत असलेल्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे गाठी झाल्या, अमेरिकेत नेऊन ऑपरेशनं करावी लागली, आणि दोन मुलांची ग्रंथी तर इतकी निकामी झाली की त्यांची वाढच खुंटली. १९६५ पासून सगळ्यांना रोज थायरॉइडची गोळी सुरू केली.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९५१ ते १९६२ या काळात उघड्यावर जवळपास १०० टेस्ट झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९९७ मध्ये हिशोब मांडला तेव्हा आयोडिन मुख्य भूमीवरच्या प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यात) थोडंफार पोचल्याचं निघालं, आणि त्यावरून काढलेला जास्तीच्या थायरॉइड कॅन्सरचा अंदाज ११ हजारांपासून २ लाखांवर एवढा पसरट आहे. पसरट का, ते पुढे कॅन्सरच्या प्रश्नात.

आयोडिनयुक्त मीठ खाल्लं तर वाचतो का?

नाही. त्यातलं आयोडिन फार कमी, तेवढं मीठ खाल्लं तर आधी बीपीच मारेल. पोटॅशियम आयोडाइडची गोळी वेगळी, ती संपर्काच्या जरा आधी किंवा लगेच घेतली तरच उपयोगी, आणि तीही फक्त थायरॉइडला वाचवते. फॉलआउटमधली बाकीची किरणोत्सारी द्रव्यं, म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम, यावर तिचा काही परिणाम नाही.

दातांच्या सर्व्हेबद्दल ऐकलंय, ते काय?

स्ट्रॉन्शियम-९०, हाफ लाइफ साधारण २९ वर्षं. रासायनिक स्वभाव कॅल्शियमसारखा, म्हणून दुधातून येऊन हाडांत आणि दातांत बसतो. १९५८ च्या शेवटी सेंट लुईसमध्ये काही डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि आयांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. दात पाकिटात घालून पाठवायचा, सोबत जन्मतारीख, आई गरोदरपणी कुठे राहत होती वगैरे माहिती, आणि बदल्यात मुलाला एक बिल्ला मिळायचा, मी माझा दात विज्ञानाला दिला असं लिहिलेला. तीन लाखांच्या वर दात जमले! १९६३ च्या सुमाराला जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५० च्या मुलांच्या तुलनेत साधारण पन्नासपट स्ट्रॉन्शियम निघालं. हे आकडे यायला लागले आणि आयांना राजकारणातले मेगाटन कळोत न कळोत, पण पोराच्या दातात काय आहे ते कळलं. ५ ऑगस्ट १९६३ ला अमेरिका, रशिया, ब्रिटन यांनी हवेतल्या टेस्ट बंद करायच्या करारावर सह्या केल्या, त्यामागे अशा दबावाचा हात होता.

पुढच्या पिढीत व्यंग येतं का?

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. पोटात असताना बाळाला मोठा डोस बसला तर नुकसान होतं, खास करून ८ ते १५ आठवड्यांत, डोकं लहान राहणं, मतिमंदत्व, हे हिरोशिमा-नागासाकीत स्पष्ट दिसलं. पण डोस बसल्यानंतर कित्येक वर्षांनी झालेल्या मुलांत आनुवंशिक दोष वाढले का, तर तिथल्या हजारो मुलांच्या अभ्यासात तसं दिसलेलं नाही. राँगेलापच्या बायकांमध्ये पहिल्या चार वर्षांत गर्भपात आणि मृत बाळं जन्मण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट नोंदवलंय. हाडं नसल्यासारखी बाळं जन्मली असं तिथल्या बायकांनी सांगितलंय, ते सरकारी नोंदींत नीट आलेलं नाही, पण नोंदी ठेवणारे कोण होते हेही लक्षात घ्यावं लागतं.

अमुक माणसाचा कॅन्सर टेस्टमुळेच झाला हे सिद्ध करता येतं का?

एकट्या माणसाच्या बाबतीत नाही. गाठीवर शिक्का नसतो. ल्युकेमिया दोन-पाच वर्षांत दिसायला लागतो, बाकीचे कॅन्सर दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, आणि तोवर माणसाने विडी ओढलेली असते, गाव बदललेलं असतं. त्यामुळे हिशोब करायचा तो हजारो माणसांचा, आणि त्यासाठी कोणाला किती डोस बसला हे माहीत पाहिजे, जे त्या वेळी मोजलंच नाही. मोजलं नाही म्हणून सिद्ध होत नाही आणि सिद्ध होत नाही म्हणून भरपाई नाही, असा हा मस्त गोल आहे. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून यातून वाट काढली: ठरावीक काळात ठरावीक भागात राहत होतात आणि ठरावीक कॅन्सर झाला तर सिद्ध करायची गरज नाही, पैसे घ्या. पण न्यू मेक्सिकोतली, पहिल्याच टेस्टच्या वाऱ्याखालची माणसं त्यात धरायला २०२५ साल उजाडलं. ८० वर्षं!

अमेरिकेचंच का सांगताय, बाकीच्यांनी काय केलं?

तेच केलं. कझाकस्तानात सेमिपालातिन्स्कला ४५६ टेस्ट, त्यातल्या शंभरावर जमिनीच्या वर, आसपासच्या डोलोनसारख्या गावांवर पूड पडली आणि लोकांना तपासायचे ते वेगळ्याच आजाराचा दवाखाना असं सांगून. २९ ऑगस्ट १९९१ ला ती जागा बंद झाली. ब्रिटनने ऑस्ट्रेलियात मॅरालिंगाला आदिवासींच्या जमिनीवर प्लुटोनियम उधळलं. फ्रान्सने आधी अल्जेरियाचं वाळवंट आणि मग पॉलिनेशिया धरला. स्वतःच्या राजधानीजवळ कोणी टेस्ट केली नाही.

जमिनीखाली केली तर सेफ ना?

हवेतल्यापेक्षा खूपच. पण नेहमी नाही. १८ डिसेंबर १९७० ला नेवाडात 'बेनबेरी' ही १० किलोटनची टेस्ट जमिनीखाली पावणेतीनशे मीटरवर केली, साडेतीन मिनिटांत जमिनीला भेग पडली आणि कुकरची शिटी सुटावी तसा धुरळा तीन किलोमीटर उंच गेला. आणि बाहेर नाही आलं तरी आत राहतंच, प्लुटोनियम-२३९ ची हाफ लाइफ २४ हजार वर्षं, भूजलातून ते हळूहळू सरकतं का यावर नेवाडात आजही विहिरी खणून लक्ष ठेवतात.

मग पोखरणचं काय?

१८ मे १९७४ ची टेस्ट १०७ मीटर खोल, १९९८ च्या ११ आणि १३ मेच्याही जमिनीखाली. किरणोत्सार बाहेर आला नाही हे सरकारचं म्हणणं, आणि जमिनीखालच्या टेस्टचं शास्त्र बघता महाराष्ट्रात वगैरे काही पोचायचा प्रश्नच नाही. जवळचं गाव खेतोलाई, तिथले लोक कॅन्सर आणि गुरांच्या आजारांबद्दल बरीच वर्षं तक्रार करतायत, घरांना तडे गेल्याचीही. माझं मत विचाराल तर शंका असलेल्या गावात स्वतंत्र डॉक्टरांकडून तपासणी करून आकडे लोकांसमोर ठेवायला काही हरकत नसावी, आणि काही नाही निघालं तर सगळ्यांनाच बरं.

ब्राव्होच्या वेळी भारताने आवाज उठवला होता म्हणतात, खरं का?

हो. ब्राव्होनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत टेस्ट निदान थांबवून ठेवा अशी मागणी केली. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये किरणोत्साराच्या परिणामांसाठी शास्त्रीय समिती नेमली त्यात भारत पहिल्यापासून होता, आणि तिथं भारताच्या बाजूने काम केलं मुंबईच्या कॅन्सर संशोधनाचा पाया घालणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी.

बिकिनीला आता राहता येतं का? नारळ खाता येतो का?

राहता येत नाही, निदान तिथलंच खाऊन नाही. टेस्टसाठी हलवलेल्या लोकांना १९७० च्या सुमाराला परत नेलं, पण जमिनीतलं सीझियम-१३७ नारळात उतरत होतं, कारण झाडाला ते पोटॅशियमसारखं वाटतं, आणि तिथल्या मातीत पोटॅशियम मुळातच कमी. लोकांच्या शरीरात सीझियम वाढलं आणि १९७८ मध्ये परत बाहेर काढलं. पोटॅशियम खत घातलं तर झाड सीझियम कमी घेतं, हे तिथं प्रयोग करून दाखवलंय. नुसतं जाऊन फिरून आलात तर डोस फार नाही, भानगड खाण्यात आहे.

एनिवेटोकच्या रुनिट बेटावर एका जुन्या खड्ड्यात किरणोत्सारी माती भरून वर अर्ध्या मीटरच्या आसपास जाड काँक्रीटचं झाकण घातलंय. तळाला अस्तर नाही, समुद्राचं पाणी खालून ये-जा करतं. भरपाई ठरवणाऱ्या लवादाने मार्शल बेटांना दोन अब्ज डॉलरच्या वर देणं लागतं असं ठरवलं, पण अमेरिकेने निधी दिला होता १५ कोटींचा, त्यामुळे बहुतेक निकाल कागदावरच राहिले.

माझा जन्म १९६२ चा, पुण्यात. मी काळजी करू का?

तुमच्या हाडांत तेव्हाचं थोडं स्ट्रॉन्शियम असणार, पेशींत बॉम्बमुळे वाढलेलं कार्बन-१४ पण आहे, ते आजच्या पोरांतही थोडं आहे. पण प्रमाण बघा: १९६३ मध्ये, जेव्हा सगळ्यात जास्त होतं तेव्हा, जगभरचा सरासरी डोस वर्षाला ०.११ मिलिसिव्हर्ट (अंगाला बसलेल्या डोसचं छोटं माप) होता, आता तो त्याच्या विसाव्या हिश्श्यावर आलाय, आणि माती-खडक-आकाशातून नैसर्गिकरीत्या मिळतो तो साधारण २.४. केरळच्या काही किनाऱ्यांवर तर मोनाझाइट वाळूमुळे याच्या कितीतरी पट. वजन वाढतंय, थकवा येतोय, केस गळतायत तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, पण त्याचं खापर नेवाडावर फोडू नका.